नॉब फिरवा, नवाब व्हा!

पंचवीस पट्ट्यांचा चिमुकला कीबोर्ड. शेजारी आठ नॉब, आठ सरकते फेडर, वर चौकोनी पॅड. दिवे रंगीबेरंगी, थाट एकदम स्टुडिओचा. आणि माहीत आहे का? या अख्ख्या यंत्राच्या पोटात एकसुद्धा सूर नाही! केबल काढा आणि मग हवा तेवढा बडवा. ऐकू येईल ती फक्त खटखट.

हा आहे मिडी कंट्रोलर. तो वाजत नाही, वाजवून घेतो! लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला 'मिडी' या यंत्रांच्या भाषेत हुकूम सोडतो : आवाज वाढव, रेकॉर्डिंग सुरू कर, तबला जरा डावीकडे सरकव. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, रीपर या सगळ्या सॉफ्टवेअर्सना स्टुडिओवाले मिळून 'डॉ' म्हणतात. या डॉकडे डॉक्टरकीची डिग्री नाही, पण गाण्याची तब्येत तोच सांभाळतो!

माउसनं एका वेळी एकच फेडर हलतो. तुमच्या हातांना बोटं मात्र दहा. उरलेल्या नऊ बोटांना रोजगार देणाऱ्या या मंडळींच्या करामती वाचाच.

तीन बाइट, काम फत्ते

नॉब फिरवला की तारेतून नेमकं काय जातं, माहीत आहे का? आवाज नाही, गाणं नाही. जातात फक्त तीन बाइट. पहिला सांगतो, "कंट्रोलचा हुकूम आहे, चॅनेल अमुक." दुसरा सांगतो, "नॉब नंबर तमुक." तिसरा सांगतो, "किंमत इतकी." संपला निरोप!

मूळ मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट धावतात. म्हणजे तीन बाइटचा निरोप पोचायला लागतात ०.९६ मिलिसेकंद. तुमची पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो!

हा ३१,२५० असा तिरपागडा आकडा कुठून आला? सोपं आहे. १० लाख घ्या आणि पाच वेळा निम्मे करा. त्या काळच्या चिप्सकडे १ मेगाहर्ट्झचं घड्याळ असायचं आणि निम्मं करणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. हिशोब चोख!

सव्वाशे आणि वर दोन

कुठलाही साधा नॉब उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. स्क्रीनवर १२७ येतात. १०० का नाहीत?

बाइटमध्ये बिट असतात आठ. त्यातला पहिला बिट ओळखपत्रासाठी राखीव : तो १ असेल तर हा हुकूम, ० असेल तर हा आकडा. मोजायला उरले सात बिट. सात बिटांत ० ते १२७ एवढंच मावतं. म्हणून मिडीच्या साध्या नॉबची पट्टी १२८ पायऱ्यांची!

एकदम नंबरी मंडळी

मिडीत प्रत्येक कंट्रोलला नंबर आहे. ७ म्हणजे व्हॉल्यूम. १० म्हणजे पॅन, अर्थात आवाज डावीकडे की उजवीकडे. १ म्हणजे मॉड्युलेशन. ६४ म्हणजे सस्टेन पेडल, आणि ते पक्कं काठावरचं : ६३ पर्यंत पाय वर, ६४ पासून पाय खाली!

सर्वात भारी कोण, माहीत आहे का? नंबर १२३. ऐन रेकॉर्डिंगमध्ये एखादा सूर अडकला, थांबायचं नावच घेईना, तर हा हुकूम सोडायचा. चॅनेलवरचे सगळे सूर सुटतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चक्क 'पॅनिक' नावाचं बटण असतं. एक, दोन, तीन... चिडीचूप!

प्रतिस्पर्धी आले, जोडी जमली

१९८० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची भाषा वेगळी. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. मग अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी ठरवलं की सगळ्यांची भाषा एकच हवी. तीच ही मिडी. स्मिथनी १९८१ मध्ये प्रस्ताव मांडला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या 'नॅम' या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलनं जोडले गेले. एकाची पट्टी दाबली, दुसरा बोलला!

आणि खरी कमाल पुढे. या शोधावर रॉयल्टी आकारली गेली नाही. कुणीही वापरा, फुकट! बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा जगाला देऊन टाकली, म्हणून आज तुमचा नवाकोरा कंट्रोलर चाळीस वर्षांपूर्वीच्या सिंथशी बोलू शकतो. २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं. दाद द्यावी अशी दिलदारी!

पाच पिना, तिघींनाच ड्युटी

मिडीची जुनी गोल केबल पाहिली आहे? पाच पिना दिसतात. त्यातल्या कामाच्या फक्त तीन. बाकी दोघी मूळ योजनेत रिकाम्याच!

याहून गंमत आत आहे. निरोप घेणाऱ्या यंत्राच्या दारात विजेचा थेट रस्ता तुटलेला असतो. तिथे एक छोटासा एलईडी लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो प्रकाश वाचतो. म्हणजे तुमचा हुकूम शेवटची उडी प्रकाशाच्या रूपानं मारतो! कशासाठी? दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांत गुंतलं की स्पीकरमध्ये 'घुंईं' असा गुणगुणाट घुसतो. वाटच तोडली की गुणगुण बंद. मूळ नियमाप्रमाणे ही केबल १५ मीटरपर्यंत लांब चालते.

मिडीच्या आधीचे मोठे भाऊ

नॉब फिरवायचा आणि ती हालचाल संगणकात साठवायची, ही कल्पना मिडीपेक्षा जुनी आहे. माहीत होतं का? १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज आणि एफ. रिचर्ड मूर यांनी 'ग्रूव्ह' नावाची यंत्रणा उभी केली. नॉब, जॉयस्टिक आणि पट्ट्यांच्या हालचाली संगणक टिपायचा आणि त्यांच्यावरून ॲनालॉग सिंथ चालवायचा. आवाज साठवायचाच नाही, हात साठवायचा! नंतर सवडीनं त्या हालचाली दुरुस्तही करता यायच्या.

आजच्या सॉफ्टवेअरमधलं 'ऑटोमेशन' दुसरं काय करतं? तेच की! याच मॅथ्यूजच्या नावावरून संगीतकारांच्या लाडक्या 'मॅक्स' सॉफ्टवेअरचं बारसं झालं.

जन्मतः मिडीवाला संगणक

१९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी संगणकाला मिडीचे पोर्ट कारखान्यातूनच बसवलेले होते. वेगळं कार्ड नको, वेगळी डबी नको. १९८९ मध्ये क्यूबेस पहिल्यांदा अवतरलं ते याच अटारीवर. आणि 'फॅटबॉय स्लिम' हा गाजलेला ब्रिटिश डीजे-निर्माता हा संगणक २००० नंतरही वापरत राहिला. गेम खेळायला घेतलेलं खेळणं हिट गाणी काढत होतं!

हॅलो, जिवंत आहेस ना?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकी कंपनीनं प्रो टूल्ससाठी 'ह्युई' नावाची कंट्रोल सरफेस आणली. फेडर, नॉब, प्ले-स्टॉपची बटणं, सगळं टेबलावर. तिची भाषा आजही कित्येक यंत्रं बोलतात.

या भाषेत एक गोड सवय आहे. सॉफ्टवेअर साधारण दर सेकंदाला यंत्राला विचारतं, "आहेस का?" यंत्र म्हणतं, "आहे!" पुन्हा "आहेस का?" पुन्हा "आहे!" एकदा जरी उत्तरं थांबली, तरी सॉफ्टवेअर जाहीर करतं की संपर्क तुटला. रात्रभर मिक्सिंग चाललं तर हा संवाद हजारो वेळा होतो, आणि इंजिनिअरला पत्ताही लागत नाही.

बहुरूपी फेडर

पुढे मॅकीनं जर्मनीच्या इमॅजिक कंपनीबरोबर लॉजिकसाठी आणखी एक भाषा घडवली. तीच आज 'मॅकी कंट्रोल' म्हणून जवळपास प्रत्येक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला येते. तिची आतली गोष्ट ऐकाल तर चाट पडाल.

या भाषेत फेडर स्वतःला फेडर म्हणवतच नाही. तो 'पिचबेंड'चा वेष घेतो, म्हणजे सूर वाकवण्याचा हुकूम पाठवतो! कारण फर्स्टक्लास आहे. साध्या कंट्रोलला १२८ पायऱ्या, पिचबेंडला १६,३८४. फेडर गुळगुळीत सरकायला पायऱ्या बारीक हव्यात, म्हणून हा वेषांतराचा डाव.

बटणंही बहुरूपी. ती सूर बनून येतात. प्ले म्हणजे ९४ नंबरचा सूर, स्टॉप ९३, रेकॉर्ड ९५. चुकून हे यंत्र पियानोच्या ट्रॅकला जोडलं गेलं, तर प्ले दाबल्यावर गाणं सुरू व्हायच्या ऐवजी वरच्या पट्टीत 'टिंग' होतं. कळ दाबली की लगेच कळतं, कुठे चुकलं ते!

तुणतुणं बसलं, पखवाज अडला

मॅकी कंट्रोलच्या फेडरवर छोटी पाटी असते, ट्रॅकचं नाव दाखवायला. एका ओळीत जागा ५६ अक्षरांची, फेडर आठ. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात अक्षरं!

आता मराठी गाणं मिक्स करायला घ्या. रोमन लिपीत हलगी पाच अक्षरांत बसते, संबळ सहात. तुणतुणं बरोबर सातात, अगदी काठोकाठ. पखवाजाला मात्र लागतात आठ, म्हणजे पाटीवर त्याची शेपटी कापली जाणार. शहाणे इंजिनिअर म्हणून ट्रॅकची नावं आधीच तोकडी ठेवतात. नाव छोटं, लक्षण मोठं!

भूत नाही हो, मोटार आहे

अंधारा स्टुडिओ, गाणं सुरू, आणि टेबलावरचे फेडर कुणाचा हात नसताना वर-खाली पळतायत. घाबरू नका. प्रत्येक फेडरखाली छोटी मोटार आणि पट्टा असतो. सॉफ्टवेअर सांगतं, फेडर धावतो. नीव्ह कंपनीची 'नेकॅम' यंत्रणा १९७७ मध्ये लंडनच्या एअर स्टुडिओत बसली, तेव्हा हा खेळ लाखमोलाच्या कन्सोलपुरता होता. पुढे बेहरिंगरच्या 'बीसीएफ २०००' सारख्या आठ फेडरच्या छोट्या यंत्रांनी तो घरच्या टेबलावर आणला.

आणि तुम्ही पळता फेडर पकडलात तर? भांडण होत नाही! चांगल्या फेडरच्या टोपीला बोटाचा स्पर्श ओळखता येतो. बोट लागलं की मोटार हात जोडून बाजूला होते. बोट उचललं की पुन्हा कामावर. मालक कोण, हे फेडरला बरोबर माहीत!

खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

स्वस्त कंट्रोलरला मोटार नसते. मग गंमत अशी : स्क्रीनवर फेडर ९० वर, टेबलावरचा २० वर. तुम्ही नुसता स्पर्श केला की आवाज धाडकन खाली! गायिकेच्या हेडफोनमध्ये हे झालं तर बघायलाच नको.

यावरचा उपाय म्हणजे 'पिकअप', दुसरं नाव 'सॉफ्ट टेकओव्हर'. टेबलावरचा फेडर सरकत सरकत स्क्रीनवरच्या जागेपाशी पोचेपर्यंत सॉफ्टवेअर ढिम्म हलत नाही. अगदी खो-खोतल्या गड्यासारखं : पाठीवर थाप पडली की मगच उठायचं! सेटिंगमध्ये हा पर्याय शोधा आणि आजच चालू करा. कान वाचतील.

गोल गोल, अंत नाही

काही नॉब कितीही फिरवा, टोक येतच नाही. त्यांना एन्कोडर म्हणतात. ते "मी ७५ वर आहे" असं सांगत नाहीत. ते म्हणतात, "एक पाऊल पुढे" किंवा "एक पाऊल मागे". म्हणून त्यांना पिकअपची कटकटच नाही.

पण 'एक पाऊल मागे' कसं म्हणायचं, यावर कंपन्यांचं एकमत नाही! कुणी १२७ पाठवतं, कुणी ६५, कुणी ६३. सॉफ्टवेअरमध्ये चुकीची पद्धत निवडली, तर डावीकडे फिरवलेला नॉब सुसाट उजवीकडे पळतो. तुमचा नॉब असा उलट्या काळजाचा निघाला, तर यंत्र खराब झालेलं नसतं. सेटिंग बदला, लगेच सुतासारखा सरळ!

आठांचा ठाठ

बहुतेक कंट्रोलरवर फेडर आठच. आणि गाण्यात ट्रॅक ऐंशी! मग जमतं कसं? 'बँक' बटणानं. एकदा दाबा, तेच आठ फेडर ९ ते १६ नंबरचे ट्रॅक सांभाळतात. पुन्हा दाबा, १७ ते २४. बिनव्याजी बँक, हवी तेवढी उलाढाल!

छोट्यात छोटा संसार बघायचा असेल तर कॉर्गचा 'नॅनोकंट्रोल २' बघा. लॅपटॉपपुढे मावणाऱ्या पट्टीवर आठ फेडर, आठ नॉब, आणि प्रत्येक फेडरला सोलो, म्यूट, रेकॉर्ड अशी तीन-तीन बटणं. शिवाय प्ले-स्टॉपची फौज वेगळी. वीज यूएसबीतूनच. चार्जर विसरायची सोयच नाही!

आपला ऑक्टोपॅड, तोही त्यातलाच

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की नवरात्रातला गरबा, स्टेजवर ऑक्टोपॅड हवाच. दोन काठ्या, आठ चौकोन, आणि ढोलकीपासून ड्रमसेटपर्यंत सगळा माहोल. पण माहीत आहे का? १९८५ मध्ये रोलँडनं आणलेल्या पहिल्यावहिल्या ऑक्टोपॅडमध्ये, म्हणजे 'पॅड-८' मध्ये, स्वतःचा आवाजच नव्हता! तो निव्वळ मिडी कंट्रोलर होता. दुसरं ड्रम मशीन जोडायचं, तेव्हा कुठे ठेका सुरू. आवाज पोटात घेऊन येणारी मॉडेलं नंतरची.

आणि बोनस : आजच्या ऑक्टोपॅडलाही मिडी आहे. कोपऱ्यातल्या एका पॅडवर रेकॉर्ड, दुसऱ्यावर स्टॉप नेमता आला, तर वादकाला काठी खाली न ठेवता टेक सुरू करता येतो. ठोका आणि टेक घ्या!

पिरॅमिडच्या पोटात काय?

फ्रेंच जोडी 'डाफ्ट पंक' २००६-०७ च्या दौऱ्यात झगमगत्या पिरॅमिडमध्ये उभी राहून वाजवायची. आत काय होतं? कोट्यवधींची गुप्त यंत्रं? होता बेहरिंगरचा 'बीसीआर २०००', कुठल्याही म्युझिक दुकानात मिळणारा ३२ नॉबचा साधा कंट्रोलर! त्याच्या जोडीला होता 'लेमूर' नावाचा टचस्क्रीन.

हा लेमूरही अजब. एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा हा स्क्रीन फ्रान्सच्या जॅझम्युटंटनं २००५ मध्ये बाजारात आणला. पहिला आयफोन आला २००७ मध्ये. म्हणजे दोन बोटांनी स्क्रीन हाताळायची मजा संगीतकारांनी जगाआधी चाखली!

गेम ऑन!

व्हिडिओ गेम पार्लरमधली ती टपोरी, टकाटक वाजणारी बटणं आठवतात? तीच आर्केड बटणं बसवून 'मिडी फायटर' नावाचे कंट्रोलर बनले. लाखो वेळा बडवलं तरी टिकावं, हा त्या बटणांचा गुण. डीजेंना आणखी काय हवं?

२००९ मध्ये नोव्हेशनचा 'लाँचपॅड' आला. आठ आडवे, आठ उभे, चौसष्ट चौकोन. बुद्धिबळाच्या पटाचा हिशोब, पण इथे प्यादी म्हणजे तुमचे लूप्स. एक चौकोन दाबला की बास सुरू, दुसरा दाबला की टाळ्या. शह द्या तालात!

हातमोजे घाला, सूर काढा

कंट्रोलर टेबलावरच ठेवावा असा कायदा नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टाइम संस्थेत मिशेल वाइसविस यांनी १९८४ मध्ये 'द हँड्स' बनवलं : दोन्ही हातांवर चढवायचं मिडी यंत्र. हात जवळ आणा, दूर न्या, वळवा, आवाज बदलतो. मिडीचं वय तेव्हा जेमतेम एक वर्ष!

ब्रिटिश गायिका इमोजेन हीप यांचे 'मिम्यू' हातमोजे याच वाटेवरचे. मूठ वळली की रेकॉर्डिंग, हात उचलला की प्रतिध्वनी. टाळीसुद्धा तांत्रिक!

फोटोवाल्यांनी पळवला नॉब

'लाइटरूम' या फोटो सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचे दोन हजार फोटो दुरुस्त करायचेत. माउसनं एकेक स्लायडर ओढत बसणार? 'मिडीटूएलआर' नावाचं मोफत प्लगइन टाका, मिडी कंट्रोलर जोडा. पहिला नॉब एक्स्पोजर, दुसरा कॉन्ट्रास्ट, तिसरा पांढरेपणा. जगभरचे फोटोग्राफर हे करतात. सुरांचं यंत्र, पण उजळतो नवरीचा चेहरा!

सावधान, आग लागेल!

१९९१ मध्ये मिडीत 'शो कंट्रोल' नावाची शाखा आली. तिच्या यादीत काय काय आहे, माहीत आहे का? दिवे, प्रोजेक्टर... इथवर ठीक. पुढे धूर, धुकं, पाणी, आणि चक्क फटाके, स्फोट, ज्वाळा! म्हणजे ज्या भाषेत तुम्ही बासरीचा आवाज वाढवता, तिच्याच कुळातल्या हुकुमानं रंगमंचावर दारूकाम पेटू शकतं. स्टेज खऱ्या अर्थानं पेटतं!

पेटीवर मींड? येस!

पेटीवर म्हणजे हार्मोनियमवर मींड निघत नाही, ही गायकांची जुनी तक्रार. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पेटीला शिरताच येत नाही. पण सॉफ्टवेअरमधली पेटी निवडा आणि कंट्रोलरच्या डाव्या बाजूचं पिचबेंड चाक फिरवा. सूर सरकला! बहुतेक ठिकाणी हे चाक मुळात दोन सेमीटोन वर, दोन खाली जातं. पाच किंवा सात सेमीटोन केलं की 'सा' पासून 'म' किंवा 'प' पर्यंत एका दमात घसरगुंडी. १६,३८४ पायऱ्या असल्यानं उतरताना ठेचही लागत नाही.

साध्या १२८ पायऱ्यांच्या नॉबनं असा सूर सरकवला तर 'झर्रर्र' असा दाणेदार आवाज येऊ शकतो. त्याला 'झिपर नॉइज' म्हणतात. बॅगेची चेन ओढा, कसला आवाज तो लगेच पटेल!

डोळ्यांऐवजी बोटं

ही गोष्ट मनापासून वाचा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीनभर बारीक रेघा आणि ठिपके. ज्यांना दिसत नाही, त्यांनी मिक्सिंग कसं करायचं? बोटांना कळणारे फेडर आणि जागेवर ठाम बसलेली बटणं इथे दार उघडतात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या 'कॉम्प्लीट कंट्रोल' कीबोर्डांत तर अशी सोय आहे की नॉबला हात लावला की संगणक त्याचं नाव आणि किंमत बोलून सांगतो. रीपरसाठीही स्क्रीनरीडरशी जुळवून घेणारं 'ओसारा' नावाचं मोफत एक्स्टेन्शन आहे. कानांचं काम कानांनीच, स्क्रीनची मध्यस्थी नको. हॅट्स ऑफ!

झटपट पंचपक्वान्न

एक : ६० नंबरचा सूर यामाहाच्या लेखी 'सी ३', रोलँडच्या लेखी 'सी ४'. पट्टी तीच, पत्ता वेगळा!

दोन : मिडीत सूर १२८, मोठ्या पियानोवर पट्ट्या ८८. उरलेले ४० सूर पियानोच्या दोन्ही टोकांबाहेर राहतात.

तीन : चार बाय चार म्हणजे सोळा पॅडचा चौकोन आज सगळीकडे दिसतो. तो गाजवला १९८८ च्या आकाई 'एमपीसी ६०' नं, आणि त्यामागचं डोकं होतं रॉजर लिन यांचं.

चार : हेडफोनच्या छोट्या पिनेतून मिडी नेणाऱ्या कंपन्यांनी तारा दोन उलटसुलट प्रकारे जोडल्या. २०१८ मध्ये 'टाइप ए' अधिकृत ठरला. जुनी केबल गप्प बसली तर आधी तिचा टाइप विचारा!

पाच : फेडर ओढताना तोच हुकूम सारखा जातो, म्हणून मिडी पहिला बाइट पुन्हा पुन्हा पाठवायचं टाळू शकतो. तीनाचं काम दोनात. काटकसर असावी तर अशी!

१२७ वरून थेट ४२९ कोटी

मिडी १.० आला १९८३ मध्ये. २.० कधी आला, सांगा पाहू? २०२० मध्ये! तब्बल ३७ वर्षं आवृत्तीचा आकडा जागचा हलला नाही. तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर वर्षात किती वेळा बदलतं, आठवा.

२.० मध्ये नॉबच्या पायऱ्या १२८ वरून ४२९ कोटींच्या वर गेल्या. चॅनेल सोळावरून २५६. आणि बोलणं दुतर्फा झालं : कंट्रोलर विचारू शकतो, "तू कोण? तुझ्याकडे कायकाय आहे?" आणि सॉफ्टवेअर उत्तर देऊ शकतं. जुन्या यंत्रांना घराबाहेर काढलेलं नाही, बरं का. समोरच्याला २.० येत नसेल, तर नवा गडी मुकाट्यानं १.० मध्ये बोलतो. वडीलधाऱ्यांचा मान राखून अपग्रेड!

आता तुमची बारी

कंट्रोलर विकत घ्यायच्या आधी घरातला कपाटावरचा कीबोर्ड खाली काढा. मागे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं भोक आहे का? असेल तर लॉटरी! प्रिंटरची चौकोनी यूएसबी केबल बहुतेक वेळा त्यातच बसते. लॅपटॉपला जोडा, आणि हाच तुमचा पहिला कंट्रोलर.

कीबोर्डही नाही? खिशात फोन आहे ना! 'टचओएससी' सारखी ॲप्स फोनच्या स्क्रीनवर फेडर आणि बटणं मांडतात, वायफायवरून सॉफ्टवेअर चालवतात. गायकाच्या खोलीत माइकसमोर उभं राहून स्वतःच रेकॉर्ड दाबा, स्वतःच गा. निर्माता, इंजिनिअर आणि गायक, थ्री इन वन!

पुढची जादू तीन पायऱ्यांची. सॉफ्टवेअरमध्ये 'मिडी लर्न' किंवा 'मॅप' शोधा. स्क्रीनवरच्या फेडरवर क्लिक करा. हातातला नॉब हलवा. झालं! सॉफ्टवेअरनं तो नॉब ओळखला. सुरुवातीला चारच गोष्टी नेमा : गायनाचा आवाज, तालवाद्यांचा आवाज, रिव्हर्ब आणि रेकॉर्डचं बटण. सगळे नॉब पहिल्याच दिवशी वाटून टाकले, तर कोणता कशाचा हे आठवण्यातच रात्र जाते.

मग ऑटोमेशन 'टच' वर ठेवा. फेडर धराल तेवढाच वेळ तुमची हालचाल नोंदली जाते, सोडलं की आधीची पातळी परत. 'लॅच' वर ठेवलंत तर शेवटच्या जागीच मुक्काम. बेधडक चुका, 'अनडू' आहेच!

आता गाणं लावा आणि नजर स्क्रीनवरून काढा. अंतरा संपतोय, ध्रुवपद येतंय. एक बोट गायनावर, एक ढोलकीवर. सम जवळ आली की दोन्ही फेडर एकदम वर ढकला, अगदी १२७ पर्यंत. होऊ दे दणका!